कलकत्त्याच्या दफनभूमीतील समाधिलेख : वाचन आणि संग्रह

कोणत्याही मोठ्या नगराच्या इतिहासाची साधने म्हणून दफ्तरे, नकाशे, प्रवासवर्णने व वृत्तपत्रे ह्यांचा विचार नेहमी होतो. दफनभूमीचा विचार त्या मानाने उशिरा, आणि पुष्कळदा केवळ पुरवणीदाखल होतो. एखाद्या व्यक्तीची मृत्युतिथी पडताळून पाहावयाची असली, किंवा तिच्या आडनावाचे शुद्ध रूप हवे असले, की संशोधक थडग्याकडे वळतो. तिथी हाती लागली की त्याचे काम संपते. दगडावर कोरलेला मजकूर ही स्वतः एक भाषिक कृती आहे. ती कोणीतरी, कोणाला तरी उद्देशून, एका विशिष्ट भाषेत व विशिष्ट संकेतांच्या आश्रयाने रचिलेली असते, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड होते. कलकत्ता (२००१ पासून अधिकृतपणे कोलकाता) येथील जुन्या दफनभूमींविषयी जे लेखन व संकलन झाले आहे, ते ह्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. कारण भाषा, लिपी व धर्म ह्यांची इतकी विविधता एकाच नगराच्या थडग्यांवर क्वचितच आढळते, आणि तिची नोंद मात्र बहुतांशी एकाच भाषेच्या चष्म्यातून झालेली आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. मराठीत ह्या प्रकारच्या लेखाला रूढ असा एक शब्द नाही. 'मृत्युलेख' म्हटले की वृत्तपत्रातील मजकूर डोळ्यांसमोर येतो. 'थडगे' व 'कबर' हे शब्द वास्तूचे वाचक आहेत, तीवरील अक्षरांचे नव्हेत. 'समाधी' ह्या शब्दाला साधुपुरुषाच्या देहविसर्जनाची छटा आहे. तथापि सोयीसाठी ही छटा बाजूस ठेवून 'समाधिलेख' हाच शब्द पुढील विवेचनात योजिला आहे.

कलकत्त्यातील इंग्रजांची पहिली दफनभूमी म्हणजे आजच्या सेंट जॉन्स चर्चचे आवार. चर्च १७८७ मध्ये उभे राहिले; दफनभूमी त्याच्या जवळजवळ शतकभर आधीची. ही जागा अपुरी पडू लागल्यावर १७६७ मध्ये वस्तीबाहेर, आग्नेयेस, एक नवी विस्तीर्ण दफनभूमी उघडण्यात आली. तीच साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी जो 'मराठा खंदक' आखला, त्याच्या रेषेवर पुढे सर्क्युलर रोड झाला. त्या रस्त्याच्या लगतच ही जागा आहे. नगराची सीमा व मृतांची वस्ती एकमेकींना लागून असावी, हे त्या काळच्या नगररचनेला धरूनच होते. दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याला प्रारंभी 'बरिअल ग्राउंड रोड' असेच नाव होते. पुढे न्यायाधीश इंपे ह्याच्या हरणांच्या उद्यानावरून तो 'पार्क स्ट्रीट' झाला असे सांगतात. आज त्याचे अधिकृत नाव 'मदर तेरेसा सरणी' असे आहे. रस्त्याच्या नावातून दफनभूमी लुप्त झाली ती अशी. ह्यांखेरीज आर्मेनियन लोकांच्या १७२४ मधील चर्चचे आवार, १८२० मधील स्कॉटिश दफनभूमी आणि १८४० मधील लोअर सर्क्युलर रोडची दफनभूमी ही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची स्थळे होत.

येथील लेखांचे दोन संग्रह विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला 'बेंगॉल ऑबिच्युअरी'; हा होम्स आणि कंपनीने १८४८ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा सी. आर. विल्सन ह्यांनी सिद्ध केलेली बंगालमधील थडगी व स्मारके ह्यांवरील लेखांची यादी. ही १८९६ ची. दोहोंच्या शीर्षकांतच त्यांची निवडीची कसोटी सांगितलेली आहे. पहिल्याचा हेतू दिवंगतांच्या 'योग्यते'ची स्मृती टिकविणे हा आहे. दुसरा ग्रंथ 'ऐतिहासिक अथवा पुरातत्त्वीय महत्त्वाचे' लेख तेवढे घेतो. ह्या दोन्ही संकलनांचे ऋण मोठे आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. वंगभूमीच्या दमट हवेत चुनेगच्ची गळून पडते, संगमरवरी पाट्या नाहीशा होतात, पिंपळाची मुळे विटा उकलतात. अशा स्थितीत कित्येक लेख आज वाचावयास मिळतात ते केवळ ह्या ग्रंथांमुळेच. परंतु 'योग्यता' व 'महत्त्व' ह्या दोन्ही कसोट्या मृत व्यक्तीला लावलेल्या आहेत, लेखाला नव्हेत. ज्याच्या चरित्रात काही घडले, त्याचा लेख उतरून घ्यावयाचा. ज्याच्या लेखात काही घडले, त्याची दखल मात्र योगायोगानेच घ्यावयाची, असा हा प्रकार आहे. त्यातून काय हाती येते व काय निसटते, हे काही उदाहरणांनी स्पष्ट होईल.

सर्वांत बोलके उदाहरण शल्यवैद्य विल्यम हॅमिल्टन ह्याच्या शिळेचे. सर्मनच्या वकिलातीबरोबर हा दिल्लीस गेला, त्याने बादशहा फर्रुखसियर ह्याचे दुखणे बरे केले, आणि परतल्यावर ४ डिसेंबर १७१७ रोजी तो कलकत्त्यात मरण पावला. त्याच वर्षी कंपनीस मिळालेल्या फर्मानाशी त्याच्या चिकित्सेचा संबंध जोडण्याची प्रथा आहे; त्यामुळे ही शिळा इतिहासग्रंथांत वारंवार येते. सेंट जॉन्स चर्चचा पाया खणताना ती सापडली. तिच्यावर इंग्रजी व फारसी असे दोन लेख आहेत. फारसी लेख बहुधा इंग्रजी भाषांतरातूनच उद्धृत केला जातो, आणि तो जणू इंग्रजी लेखाचाच अनुवाद असावा अशा थाटात त्याच्याकडे पाहिले जाते.

वस्तुतः हे दोन स्वतंत्र लेख आहेत. इंग्रजी लेखाचा श्रोता 'हे राष्ट्र' आहे, म्हणजे इंग्रज लोक. हॅमिल्टनने इंग्रजांना जे श्रेय मिळवून दिले, त्याबद्दल त्याची स्मृती त्यांना प्रिय असली पाहिजे, असे त्यात बजावले आहे. त्याची कीर्ती ग्रेट ब्रिटन व युरोपातील इतर राष्ट्रे ह्यांत टिकेल अशी ग्वाही दिली आहे. बादशहाचे नाव येते ते 'हिंदुस्थानचा विद्यमान राजा' अशा साध्या ओळखीसह. फारसी लेखात ह्यातील राष्ट्र नाही, ब्रिटन नाही, युरोपही नाही. तेथे हॅमिल्टन हा इंग्रज कंपनीचा चाकर आहे, त्याचे नाव पृथ्वीच्या चारही दिशांस पसरले आहे, आणि बादशहा सर्व जगाचा आश्रयदाता आहे. शिवाय इंग्रजीत मुळीच नसलेली एक गोष्ट फारसीत आहे : स्वदेशी परतण्याची परवानगी दरबाराकडून त्याला हजार खटपटींनी मिळाली, आणि त्यानंतर ईश्वरी आज्ञेने तो कलकत्त्यात मेला.

ही एकच गोष्ट दोन्ही लेखांचे अंतर दाखविण्यास पुरेशी आहे. इंग्रजी लेख ही विजयाची वार्ता आहे. फारसी लेख ही अडवून ठेवलेल्या माणसाची कहाणी आहे. दरबारी फारसीत बादशहाची स्तुती व बादशहाने घातलेला अडसर ही दोन्ही एकाच वाक्यात, परस्परांना न दुखविता, मांडता येतात. परवानगी दुर्मीळ असणे हेच दरबाराच्या थोरवीचे गमक ठरते. इंग्रजी लेखाला ही सोय नव्हती व गरजही नव्हती. म्हणून हॅमिल्टनच्या अखेरच्या दिवसांविषयीचा सर्वांत मानवी तपशील इंग्रजी वाचकांसाठी कोरलाच गेला नाही. जे संकलन फारसी लेखास अनुवाद म्हणून दुय्यम स्थान देते, ते शिळेचा निम्मा अर्थ गमावते.

दुसरे उदाहरण कालनिर्णयाचे. आर्मेनियन चर्चच्या आवारात रेझाबीबी नावाच्या स्त्रीची शिळा आहे. ती दानशूर सुकियास ह्याची पत्नी होती, एवढेच तिच्याविषयी लेख सांगतो. आर्मेनियन समाजाचे इतिहासकार मेस्रोब जेकब सेठ ह्यांनी ह्या लेखाचे वाचन करून त्याची तिथी ११ जुलै १६३० अशी निश्चित केली. जॉब चार्नॉक कलकत्त्यास उतरला १६९० मध्ये. म्हणजे ही शिळा त्याच्याही साठ वर्षे आधीची ठरते. साहजिकच नगराच्या जन्मकथेशी ह्या शिळेचा संबंध जोडला गेला, आणि वाद निर्माण झाला. वादात पुष्कळदा एक गोष्ट विसरली जाते : दगडावर '१६३०' हा आकडा नाहीच. तेथे आहे नखा महिन्याचा २१ वा दिवस आणि वर्ष १५. हे वर्ष नव्या जुल्फातील आर्मेनियन व्यापाऱ्यांनी वापरलेल्या अझारियाच्या लघुशकाचे मानले, तरच १६३० येते. सारा निर्णय एका शकाच्या गृहीतकावर उभा आहे. संकलनात जेव्हा केवळ ख्रिस्ती सन छापला जातो, तेव्हा वाचन व अनुमान ह्यांतील सीमारेषा पुसली जाते, आणि पुढील अभ्यासकाला फेरविचार करावयास आधारच उरत नाही. नावाचीही तीच गोष्ट. 'रझा' व 'बीबी' हे दोन्ही शब्द इराणात रुळलेले. धर्म व लिपी आर्मेनियन, आणि नाव फारसी वळणाचे. इस्फाहानहून निघालेल्या एका व्यापारी समाजाचा प्रवास ह्या एका नावात साठवलेला आहे. चरित्राच्या कसोटीने पाहिले तर ह्या स्त्रीचे चरित्र एका ओळीतच संपते. भाषेच्या कसोटीने पाहिले तर तिची शिळा नगरातील अत्यंत मोलाच्या शिळांपैकी एक आहे.

आता स्वतः चार्नॉक. त्याचा जावई चार्ल्स आयर ह्याने त्याची समाधी बांधिली. तिच्या दगडाच्या जातीला पुढे 'चार्नोकाइट' असे नाव भूगर्भशास्त्रात मिळाले. लेख लॅटिनमध्ये आहे. मृत्यूचा दिवस १० जानेवारी १६९२ असा दिला आहे. त्या काळच्या इंग्रजी प्रथेप्रमाणे वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने आजच्या गणनेने ते १६९३ होते. त्याच दगडावर त्याच्या थोरल्या मुलीचा, म्हणजे आयरच्या पत्नीचा, मृत्यू मात्र १६९६-९७ अशा जोडवर्षाने नोंदलेला आहे. एकाच शिळेवर दोन पद्धती नांदतात. हेही नुसत्या यादीतून कळत नाही.

ह्या लेखातील दोन वाक्प्रयोग लक्षणीय आहेत. चार्नॉकने आपल्या मर्त्यतेची कात ह्या संगमरवराखाली 'ठेविली' असे तेथे म्हटले आहे. आणि स्वतःच्या नसलेल्या भूमीवर दीर्घकाळ भटकून तो आपल्या चिरंतन घरी परतला, असे पुढे सांगितले आहे. 'ठेवणे' ही प्राचीन ख्रिस्ती लॅटिन लेखांतील रूढ कल्पना आहे. ठेव म्हणजे परत घ्यावयाची वस्तू. पुनरुत्थानाच्या दिवशी देह परत मिळावयाचा असल्याने तो पुरला न जाता ठेविला जातो. मराठीतही संतांविषयी बोलताना 'देह ठेवला' असे म्हणतात. परंतु तेथे ठेवण्याचा अर्थ त्यागण्याकडे झुकतो, परत घेण्याची अपेक्षा त्यात नाही. क्रियापद एकच, पण मागे उभे असलेले तत्त्वज्ञान वेगळे.

ह्यानंतर सुमारे एका शतकाने सर विल्यम जोन्स २७ एप्रिल १७९४ रोजी वारला. साउथ पार्क स्ट्रीटमधील त्याचा उंच सूचिस्तंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. मृत्यूपूर्वी त्याने आपला समाधिलेख इंग्रजीत रचून ठेविला होता. त्याचा आरंभ पुन्हा ह्याच ठेवीच्या कल्पनेने होतो : येथे एका मनुष्याचा मर्त्य अंश ठेविला गेला. लॅटिन संकेत जसाच्या तसा इंग्रजीत उतरला आहे. पुढील रचना विरोधांच्या जोडीने चालते. तो ईश्वराला भ्यायला, मृत्यूला नाही. स्वातंत्र्य राखले, संपत्तीची हाव धरिली नाही. नीच व अन्यायी ह्यांखेरीज कोणाला आपल्याहून खाली मानले नाही. १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या समान उगमाचा विचार ज्याने एशियाटिक सोसायटीपुढे मांडिला, त्याच्या ह्या लेखात एकाही भाषेचे नाव नाही. विद्येचा उल्लेख आहे तो मनाची उन्नती एवढ्याच शब्दांत. चरित्रकार ह्याला जोन्सचा विनय म्हणतात. ते खरे असेलही. परंतु त्याहून साधे कारण लेखप्रकारात आहे. अठराव्या शतकाचा इंग्रजी समाधिलेख सद्गुणांची यादी मागतो, कार्याची नव्हे. माणूस काय होता हे सांगावयाचे. त्याने काय केले हे इतरत्र. जोन्ससारखा पुरुषही ह्या साच्याबाहेर गेला नाही, ही गोष्ट साच्याचे सामर्थ्य दाखविते.

चार्नॉकच्या लेखात जे नाही तेही वाचले पाहिजे. त्याच्या हिंदू पत्नीची कथा, म्हणजे सती जाण्यापासून तिला वाचविल्याची व तिच्या थडग्यावर दरवर्षी कोंबडा अर्पण केल्याची, अलेक्झांडर हॅमिल्टन ह्या प्रवाशाच्या १७२७ मधील ग्रंथातून सर्वत्र पसरली. शिळेवर तिचा मागमूस नाही. मुलीचे नाव आहे, बापाचे आहे, जावयाचे पदासह आहे, आईचे नाही. नगरसंस्थापक म्हणून गौरविलेल्या पुरुषाच्या घरातील एक व्यक्ती केवळ ऐकीव गोष्टीत उरते, दगडावर उरत नाही. संकलने लेखांची असल्याने ह्या मौनाची नोंद त्यांत होऊच शकत नाही. ती टीकाकाराने करावयाची असते.

काही स्मारके तर लेखापेक्षा आकारानेच बोलतात. 'हिंदू स्टुअर्ट' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार्ल्स स्टुअर्टचे १८२८ मधील थडगे देवळाच्या घाटाचे आहे. केवळ अक्षरे उतरून घेणाऱ्याच्या वहीत हे देऊळ येत नाही. रोझ आयल्मर हिची गोष्ट वेगळी. ती १८०० मध्ये विसाव्या वर्षी वारली. लँडरच्या कवितेने तिचे नाव इंग्रजी साहित्यात अमर झाले, आणि विसाव्या शतकात ती कविता तिच्या थडग्यावर बसविण्यात आली. म्हणजे ह्या थडग्यावर दोन काळांची भाषा आहे : एक शोक करणाऱ्या आप्तांची, दुसरी काव्य वाचून आलेल्या रसिकांची. दोन्ही एकाच तारखेखाली छापल्या तर घोटाळा होतो.

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. समाधिलेख हे ठराविक साच्याचे असतात. पाथरवट व पाद्री ह्यांच्या नमुन्यांवरून ते घेतले जातात. त्यांत इतका अर्थ शोधणे हे अतिवाचन नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. शेकडो लेख एकमेकांच्या नकला आहेत. परंतु साचा ही भाषाभ्यासाची अडचण नसून तेच त्याचे साधन आहे. साचा ठाऊक असला म्हणजेच विचलन दिसते. हॅमिल्टनच्या फारसी लेखातील 'हजार खटपटी' लक्षात येतात त्या बाकीचा मजकूर साच्यातला असल्यामुळेच.

साचा मोडून नवा अर्थ कसा निर्माण होतो, ह्याचे उत्कृष्ट उदाहरण लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत आहे. मायकेल मधुसूदन दत्त २९ जून १८७३ रोजी वारले. त्यांनी स्वतःसाठी रचिलेला समाधिलेख बंगालीत आहे. वाटसरूला थांबण्यास सांगणे हा रोमन लेखांचा अतिप्राचीन संकेत. तो मधुसूदनांनी घेतला, परंतु त्याला एक अट जोडली : वाटसरूचा जन्म बंगालमध्ये झालेला असेल तर. रोमन लेख कोणाही येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतो. हा लेख आपला श्रोता निवडतो. त्यात कवीचे गाव सागरदाँडी आहे, कपोताक्ष नदी आहे, पिता राजनारायण आहे, आणि माता जाह्नवी हीही नावानिशी आहे. मूल आईच्या कुशीत निजते तसा कवी पृथ्वीच्या कुशीत निजला आहे, अशी त्यात कल्पना आहे.

चार्नॉकच्या लेखाशेजारी हा लेख ठेविला म्हणजे दोन्हींचा अर्थ उजळतो. तेथे भूमी परकी आहे, येथे ती आई आहे. तेथे आईचे नाव गाळलेले आहे, येथे ते कोरलेले आहे. तेथे भाषा नगरातील बहुसंख्यांना अगम्य अशी लॅटिन आहे. येथे ख्रिस्ती झालेला, इंग्रजीत कवी होण्याची आकांक्षा धरून आरंभ केलेला पुरुष, ख्रिस्ती दफनभूमीत, रोमन संकेताचा आधार घेऊन, मातृभाषेत बोलतो. १६९३ ते १८७३ ह्या एकशे ऐंशी वर्षांत कलकत्त्यात काय घडले, ह्याचे ह्याहून संक्षिप्त साधन मिळणे कठीण. आणि हा संबंध दोन दफनभूमी व दोन भाषा ओलांडून वाचल्याशिवाय दिसत नाही. प्रत्येक समाजाने आपापल्या थडग्यांची यादी करावी, ही आजवरची रीत त्याला पुरी पडणारी नाही.

हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही. पार्क स्ट्रीटच्या उत्तर बाजूची दफनभूमी १९५३ मध्ये जमीनदोस्त झाली. जीर्ण पोथीच्या अन्य प्रती कोठेतरी सापडण्याची आशा असते. शिलालेखाची प्रत एकच. त्या भूमीतील ज्या लेखांना संग्राहकांनी योग्य अथवा महत्त्वाचे मानले, ते छापील रूपात उरले. बाकीच्यांची भाषा, लिपी, ओळींची मांडणी, अक्षरांच्या चुका, हे सर्व गेले. जे उरले त्याच्या आधारे गेलेल्याचा अंदाजही बांधता येत नाही, कारण निवड त्याच कसोटीने झाली होती. पुढे १९७६ मध्ये इंग्लंडात दक्षिण आशियातील दफनभूमींसाठी एक संस्था स्थापन झाली आणि साउथ पार्क स्ट्रीटच्या जतनाकडे लक्ष वेधले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण वास्तू राखणे व लेख वाचणे ही दोन निराळी कामे आहेत.

तेव्हा पुढील नोंदणीत निदान पाच गोष्टी असाव्यात. प्रत्येक लेख मूळ भाषेत व मूळ लिपीत, ओळींच्या मूळ मांडणीसह उतरून घ्यावा. भाषांतर त्याच्या जागी न येता त्याच्या बाजूस यावे. तिथी दगडावरील शकातच द्यावी आणि रूपांतर अनुमान म्हणून वेगळे दाखवावे. एकाच शिळेवरील निरनिराळ्या काळांचे थर स्वतंत्र नोंदावेत. आणि लेख कोणाला उद्देशून आहे, तो कोणाची नावे घेतो व कोणाची टाळतो, ह्यासाठी एक रकाना राखावा. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लहान गटांनी, फारसी, आर्मेनियन, बंगाली व लॅटिन जाणणाऱ्यांच्या साहाय्याने, एकेका आवारापुरते करता येण्याजोगे आहे. पावसाचे पाणी दगडाच्या अक्षरांवरून दरवर्षी वाहते, आणि ज्या पाट्या कोणत्याही यादीत आलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी हाताशी असलेला काळ थोडाच आहे.